आधी डबा, मग वूफर

धुळे सोडलं, फागणे मागे पडलं आणि काटा ऐंशीवर गेला की गाडीतलं गाणं पातळ होतं. गाणं तेच, आवाजाचं बटण तिथेच. पण घरासमोर गाडी उभी असताना छातीवर जाणवणारा ढोल आता ऐकू येत नाही. गायकाचा आवाज आहे, झांज तर जास्तच टोचते आहे, खालचं अंग मात्र गेलं. मग आवाज वाढवला जातो. पारोळ्यापर्यंत एकदा, एरंडोलपर्यंत आणखी एकदा. जळगावात शिरेस्तोवर कान भणाणलेले असतात, आणि तिथे कुणीतरी भेटतंच, जे सांगतं, ‘कंपनीचा वूफर काढ ना भो, बाहेरचा टाक.’

सल्ला वाईट नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा न विचारल्यामुळे डिकी भरते, खिसा रिकामा होतो आणि बेस होता त्याहूनही बिघडतो, असं खान्देशात वारंवार घडतं. जळगाव आणि धुळ्यातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या गाळ्यांत बसून हे काम जवळून पाहिल्यावर माझी एक खात्री झाली आहे. वूफर एकटा कधीच वाजत नाही. त्याचा डबा, त्याला चालवणारा ॲम्प, मधली वायर आणि या सगळ्यांना पोटात घेणारी गाडी, असं ते मिळून एकच वाद्य असतं. त्यातला एक भाग बदलायचा, तर बाकीचे भाग मोजून घ्यावे लागतात. मोजून काम करणारे फिटर आपल्याकडे आहेत. त्यांच्या विद्येला आपण ‘डेक बसवणारा’ एवढ्यावरच निकालात काढतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी त्या पातळ झालेल्या गाण्याचं बघू. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. सबवूफरच्या वाट्याला त्यातला तळ येतो, वीसपासून ऐंशीपर्यंत, फार तर शंभरपर्यंत. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. डीजेच्या गाण्यातला ‘धुम्म’ पन्नासच्या आसपास असतो. आता टायरचा, थरथरणाऱ्या पत्र्याचा आणि इंजिनाचा जो घुमारा काचा लावल्यावरही आत उरतो, त्याचा मोठा हिस्सा याच तळाच्या पट्ट्यात असतो. एकाच पट्ट्यातले दोन आवाज एकत्र आले की मोठा लहानाला झाकून टाकतो. म्हणजे बेस वाजत असतोच, रस्ता तो गिळतो.

दुसरं कारण कानातच आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना कान खालच्या स्वरांना फारच कमी दाद देतो. आवाज मोठा होत गेला की तो फरक कमी होतो. म्हणून बेस हवा असणारा माणूस नकळत सगळाच आवाज वाढवत नेतो. त्याला खरं तर मोठा आवाज नको असतो, फक्त तळ हवा असतो. चांगला सबवूफर नेमकं हेच देतो: कमी आवाजात भरलेलं गाणं. ज्यांना वूफर म्हणजे निव्वळ पोरांचा धिंगाणा वाटतो, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

आता कंपनी काय देते? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गाडी चार स्पीकरवर यायची आणि बाकीचं बाजारात व्हायचं. आता वरच्या मॉडेलांत सबवूफर घालूनच गाडी येते. टाटा हॅरियर २०१९ साली जेबीएलचे नऊ स्पीकर घेऊन आली, महिंद्राची एक्सयूव्ही ७०० २०२१ मध्ये सोनीचे बारा घेऊन. दोन्हींत सबवूफर आहे. गाडीगाडीप्रमाणे तो डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे असतो, नाहीतर स्टेपनीच्या खळग्यात. पॅनेल काढून पाहिलं तर बहुतेकांचा हिरमोड होतो. हलक्या प्लास्टिकचा वेडावाकडा डबा, त्यात लहानसा स्पीकर आणि त्याच्या मागे मुठीएवढं चुंबक. ‘एवढ्यासाठी वरचं मॉडेल घेतलं का?’ असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

पण त्या एवढ्याशा स्पीकरमागे बराच विचार असतो. कंपनीचा ॲम्प त्या स्पीकरची आणि त्या डब्याची कमजोरी जाणून सूर भरून काढतो. जिथे स्पीकर कमी पडतो तिथे तो विजेचा जोर वाढवतो, आणि आवाज फार चढवला की तळ आपणहून कापतो, म्हणजे कोन फाटत नाही. कमी व्होल्टेजमधून जास्त ताकद मिळावी म्हणून अशा स्पीकरचा रोध बहुधा कमी ठेवलेला असतो, दोन ओहम किंवा त्याच्याही खाली. गल्लत होते ती याच ठिकाणी.

जळगावात एका गाळ्यात अशी गल्लत झालेली गाडी आली होती. रावेरकडचा तरुण बागायतदार, गाडी वर्षाच्या आतली. त्याने दुसरीकडे बारा इंची वूफर घालून घेतला होता आणि बेस पहिल्यापेक्षा कमी झाला होता. ‘काका, इतका मोठा वूफर, अन् आवाजच नाही,’ एवढीच त्याची तक्रार. फिटरने वाद घातला नाही. डिकी उघडून वूफरच्या दोन टोकांना मीटर लावला. काटा ३.४ वर थांबला. म्हणजे चार ओहमचा वूफर, कारण मीटरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. मग मालकाने पिशवीत जपून आणलेला कंपनीचा जुना स्पीकर मागितला आणि त्याला मीटर लावला. १.७. दोन ओहम.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. ॲम्प कंपनीचाच राहिला, म्हणजे व्होल्टेज तेवढंच. रोध दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो, आणि ताकदही निम्मी. वर तो वूफर जड कोनाचा, भरपूर ताकद मागणारा; त्याच्या वाट्याला कंपनीच्या ॲम्पची अर्धी शक्ती आली. उलटं केलं असतं, म्हणजे चार ओहमच्या जागी दोन ओहमचा लावला असता, तर ॲम्पवर दुप्पट ओझं पडून तो गरम होऊन बंद पडला असता किंवा जळाला असता. चार-चार ओहमच्या दोन कॉइलचा वूफर घेतला तर त्याच कॉइल एकापुढे एक जोडून आठ ओहम होतात आणि शेजारी शेजारी जोडून दोन. मीटर नसलेला फिटर यातलं काय करून बसेल, सांगता येत नाही.

जळगावच्या फिटरने मग खिशातून टेप काढला आणि डबा मोजला. बाहेरून ४० बाय ३५ बाय २०. गुणाकार २८,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २८ लिटर, एक घनफूट. बारा इंची वूफरच्या बंद डब्याला बाजारात हाच आकडा सांगतात, आणि बनवणाऱ्यानेही तोच धरला होता. फक्त त्याने तो बाहेरून धरला. एमडीएफ १८ मिलिमीटरचा. प्रत्येक मापातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आत ३६.४ बाय ३१.४ बाय १६.४ उरतात. म्हणजे पावणेएकोणीस लिटर. एक तृतीयांश हवा लाकडातच गेली. त्यातून वूफरच्या चुंबकाने आणि सांगाड्याने आणखी दोन-तीन लिटर व्यापले. राहिलेल्या हवेत बारा इंची कोन पुढे-मागे हलायलाच तयार नव्हता. फिटरने बोटांनी कोन हलकाच दाबून मालकालाही दाबायला लावला. ‘किती घट्ट आहे बघा दादा. श्वासच नाही त्याला.’

हा हवेचा हिशेब माणसाला बऱ्याच उशिरा उमगला. कॉइल, चुंबक आणि कोन ही आजच्या स्पीकरची घडण चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. तिला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. कोन पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की एकमेकींना मारतात. म्हणून उघड्या स्पीकरला बेस नसतो, आणि म्हणूनच मागची लाट कोंडायला डबा लागतो. पण डबा म्हणजे नुसतं लाकडी खोकं नव्हे, हे एडगर विल्चरने १९५४ साली दाखवलं. त्याने कोनाची मागची स्प्रिंग जवळजवळ ढिली केली आणि बंद डब्यातल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. लहानशा डब्यातून तोवर न ऐकलेला तळ निघाला. डब्यातली हवा हा स्पीकरचाच एक भाग आहे, हे तेव्हा सिद्ध झालं.

त्या हवेचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये मांडलं आणि सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्णत्वाला नेलं. आज कुठल्याही चांगल्या वूफरच्या खोक्यातल्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, कोन स्वतःहून कोणत्या सुराला डोलतो, त्याचं निलंबन किती लिटर हवेएवढं लवचिक आहे, हललेला कोन किती चटकन थांबतो, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. आपल्याकडे तो कागद खोक्यासोबत कचऱ्यात जातो. या जळगावच्या फिटरच्या भिंतीवर मात्र असे कागद एका खिळ्याला टोचून ठेवलेले होते. गणिताची भाषा त्याला येत नसेल. पण कोणत्या आकड्याला केवढा डबा हे त्याला बिनचूक माहीत होतं, आणि ते त्याने डबे कापून, वाजवून, पुन्हा कापून मिळवलेलं होतं.

डब्यांच्या या शास्त्रात हॉफमनचा नियम म्हणून एक कठोर नियम आहे. प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा अँटन हॉफमन याने तो मांडला. लहान डबा, खोल तळ आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. डिकीत जागा हवी आणि बेसही खोल हवा, तर ॲम्प मोठा लागणार, वीज जास्त जाणार. यातून पळवाट नाही. जो दुकानदार तिन्ही देतो म्हणतो, तो एक काहीतरी लपवतो.

बंद डबा की भोकाचा, यावर फिटरांत आणि गिऱ्हाइकांत कायम वाद रंगतात. आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ती बेसट्यूब. ती भोकाच्याच जातीची. भोकाच्या डब्याला एका ठरावीक सुराभोवती फुकटचा जोर मिळतो, म्हणून दुकानात तो भारी वाटतो. त्या सुराच्या खाली मात्र हवेचा आधार सुटतो आणि कोन सैरभैर हलतो. गाडीत मला बंद डबाच योग्य वाटतो, आणि त्याला कारण आहे. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, गाडीच्या आतली जागा तिच्या निम्मीही नाही. लाट मावतच नाही. आख्ख्या केबिनमधला हवेचा दाब एकदम वरखाली होतो. त्यामुळे एका मर्यादेखाली सूर जसजसा उतरतो तसतशी गाडीच तो फुगवते. बंद डब्याचा आवाज त्याच बाजूला ज्या उताराने कमी होतो, जवळजवळ त्याच चढाने गाडी तो भरून काढते. घरात रोडका वाटणारा बंद डबा गाडीत भरदार वाजतो तो यामुळे.

जळगावच्या त्या गाडीचं पुढे काय झालं, तर डबा नव्याने कापला गेला. आतल्या मापाने, चुंबकाची जागा धरून. फेविकॉल आणि स्क्रू, सांध्यांवर आतून सिलिकॉन. ॲम्प वेगळा घेतला. वायर लावायच्या आधी फिटरने साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि त्याची टोकं वूफरला टेकवली. कोन ‘टप्’ करून बाहेर आला. म्हणजे प्लसला प्लस. कोन आत गेला असता तर जोड उलटा. उलटा जोडलेला वूफर वाजतो, तक्रार करत नाही. फक्त दरवाजातले स्पीकर हवा ढकलत असताना हा ओढत राहतो आणि तळ पुसला जातो. हजारोंचं सामान घेऊन अशा एका उलट्या जोडामुळे निराश झालेली माणसं आहेत. पेन्सिल सेलने ते क्षणात कळतं.

धुळ्यात पाहिलेलं दुसरं काम याहून साधं होतं, आणि माझ्या मते बहुतेकांनी करावं ते हेच. मुळात धुळे हे गाड्यांचं गाव. जुन्या क्रमांकांनी ३, ६ आणि २११ हे तीन राष्ट्रीय महामार्ग इथे एकत्र यायचे. आज त्यांचे क्रमांक ५२, ५३ आणि ६० झालेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या वाटांवरच्या ट्रकांचे डायनॅमो आणि सेल्फ दुरुस्त करणाऱ्या हातांना गाडीतल्या विजेची चांगली जाण असते. तिथल्या एका फिटरकडे गिऱ्हाईक आलं ते डिकीची एक इंचही जागा न देण्याच्या अटीवर. बायकोने बजावून पाठवलं होतं. मग डबा कंपनीचाच ठेवायचा, ॲम्प कंपनीचाच, बदलायचा फक्त स्पीकर.

इथे मोजमाप आणखी काटेकोर लागतं. फिटरने प्लास्टिकच्या पट्टीने पॅनेलच्या क्लिपा एकेक करून सोडवल्या. स्क्रूड्रायव्हर घातला असता तर ओरखडा कायमचा राहिला असता. जुना स्पीकर काढून स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, कटाईचा घेर आणि चुंबकाची मागची खोली मोजली. बाजारातला ‘आठ इंची’ हा शब्द फसवा असतो. त्याच नावाच्या दोन स्पीकरच्या सांगाड्यांत सेंटिमीटरभर फरक सहज निघतो. नवा स्पीकर दोन ओहमचाच निवडला, लहान बंद डब्यासाठीच बनवलेला, रबरी कडेचा, जुन्याहून जड चुंबकाचा. कंपनीची वायर कापली नाही. कपलरला कपलर जोडला. हे महत्त्वाचं आहे. वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर वाद सुरू होतो. शिवाय हल्ली कित्येक गाड्यांत सीटबेल्टची टिंगटिंग आणि रिव्हर्सचा बीपसुद्धा त्याच ॲम्पमधून येतो. चुकीच्या ठिकाणी कात्री लागली तर गाणं राहील, बीप जाईल.

सांधा हवाबंद व्हावा म्हणून कडेला फोम टेप, पॅनेलच्या पाठीला डॅम्पिंग शीट. शेवटचं काम सर्वांत कमी दिसतं आणि सर्वांत जास्त कामी येतं. अर्धा ‘खराब बेस’ हा खरं तर नंबरप्लेटचा, डिकीच्या झाकणाचा आणि सुट्या क्लिपांचा खडखडाट असतो. अशा अदलाबदलीने छातीत धडकी भरणार नाही. कंपनीच्या ॲम्पची मर्यादा कायम राहते. पण तळ स्वच्छ होतो, ढोल आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू येतात, आणि स्टेपनी आपल्या जागी राहते.

वेगळा ॲम्प घेणार असाल, तर मात्र विषय आवाजाचा राहत नाही, आगीचा होतो. म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली फसवणूक वॉटची. खोक्यावर ‘१५०० वॉट मॅक्स’ लिहिलेलं असतं. ते वाचूच नका. ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. तो ३० अँपिअरचा असेल, तर चालू गाडीच्या १३.८ व्होल्टला गुणून ४१४ वॉट झाले; त्यातला पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. उरले सव्वातीनशेच्या आसपास. दीड हजार येणार कुठून? २००३ साली अमेरिकेत सीईए-२००६ नावाचं मानक आलं; १४.४ व्होल्टवर, चार ओहमला, विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून सतत मिळणारी ताकद, हीच खरी ताकद असं ते सांगतं. खोक्यावर हे नाव किंवा निदान आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा नसेल, तर खोकं परत करावं.

दुसरी फसवणूक वायरची, आणि ती अधिक धोक्याची. ५०० वॉटचा खरा ॲम्प पूर्ण ताकदीवर ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पॉवर वायरच्या संचांत बरेचदा तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाइतकीही भरत नाही. ब्लेडने एक तार खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती घेऊ नका. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: मीटरपासून विहीर लांब असली आणि केबल बारीक टाकली की मोटार गरम होते आणि एक दिवस जळते. गाडीत बॅटरी पुढे आणि ॲम्प डिकीत असतो, तेव्हाही हेच होतं. फक्त इथे केबल कार्पेटखालून, तुमच्या मुलांच्या पायांखालून जाते.

तिसरी गोष्ट फ्यूजची. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, गाडीला नाही. बॅटरीपासून फार तर दीड फुटाच्या आत मुख्य वायरवर स्वतंत्र फ्यूज हवाच. इंजिनाकडून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून येते. तिथे रबरी ग्रोमेट हवा. तो नसेल तर आपल्या रस्त्यांच्या धक्क्यांनी पत्र्याची कड इन्सुलेशन कापत राहते, आणि ज्या दिवशी तांबं पत्र्याला लागतं त्या दिवशी फ्यूज नसेल तर बॅटरीची सगळी शक्ती त्या एका बिंदूतून वाहते. आर्थिंगही तसंच: रंगावर थिंबल आवळून चालत नाही, रंग खरवडून चकचकीत पत्र्याला ती बसली पाहिजे. ज्या फिटरने ग्रोमेट आणि फ्यूजचे पैसे बिलात लावलेत, त्याच्याशी त्या पैशांसाठी घासाघीस करू नका.

ॲम्पवरच्या ‘गेन’च्या खुंटीवरून सर्वांत जास्त वूफर मरतात. ती आवाजाची खुंटी नाही. जाणकार फिटर वूफर सोडवून ठेवतो, ५० हर्ट्झचा एकसूर वाजवतो, डेक तीन चतुर्थांश आवाजावर नेतो आणि ॲम्पच्या टोकांवर मीटर लावतो. ३०० वॉट आणि चार ओहम असतील तर गुणाकाराचं वर्गमूळ ३४.६, मीटरवर तेवढे व्होल्ट आले की खुंटी तिथेच सोडायची. त्यापुढे नेलं की लाटेचे माथे कापले जातात, कॉइलला उसंत मिळत नाही, आणि गाडीत जळलेल्या वार्निशचा तो ओळखीचा वास येतो.

खान्देशात या सगळ्यावर उन्हाची भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पार जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून वीस अंश तरी जास्त असतात. फोमची कड अशा भट्टीत काही उन्हाळ्यांत भुसभुशीत होऊन गळून पडते, रबरी टिकते. वूफरला दिलेल्या विजेतला एक टक्काही आवाजात जात नाही, बाकी सगळी कॉइलच्या उष्णतेत जाते. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो: कॉइल वीस अंशांवरून दोनशेवर गेली की तो सत्तर टक्क्यांनी चढतो. चार ओहमचा वूफर सात ओहमकडे सरकतो आणि त्याच खुंटीवर कमी वाजतो. मालकाला वाटतं ॲम्प बिघडला, आणि तो आवाज आणखी वाढवतो. आपल्याकडे ॲम्प सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती पुण्या-मुंबईला कदाचित निभेल. इथे तो दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो. त्याच्याभोवती मोकळी हवा खेळती ठेवा, निम्म्या तक्रारी मिटतील.

मग एवढी उठाठेव कशासाठी? खान्देशाला तळाचा आवाज प्रिय आहे, आणि ती आवड डीजेच्या आधीची आहे. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला ज्यांनी भिल्ल बांधवांचे मोठमोठे ढोल ऐकलेत, त्यांना बेस म्हणजे काय हे कुठलाही दुकानदार शिकवू शकत नाही. रुंद चामडं, भरपूर हवा, आणि अंगातून आरपार जाणारा नाद; वूफरच्या कोनाकडून आपण दुसरं काय मागतो? वरातीच्या बँडने, नंतर ‘टॉप’ आणि ‘बेस’च्या भिंती उभ्या करणाऱ्या डीजेने आणि आता मोबाइलवर गाजणाऱ्या अहिराणी गाण्यांनी ती आवड घरोघरी नेली. ती गाणी ऐकत शेतातून घरी येणाऱ्या पोराला गाडीतही तो नाद हवासा वाटला, तर त्यात चूक काही नाही.

चूक होते ती काच खाली करून तो नाद रात्री अकराला कॉलनीत नेला की. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, खासगी यंत्रणेचा आवाज हद्दीवर तिच्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक जाता कामा नये, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचा निर्बंध वेगळाच. या मोजणीत एक उणीव आहे. डेसिबलचा हा आकडा कानाच्या कलाप्रमाणे काढतात, आणि त्यात ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून शेजारच्या आजीबाईंच्या खिडकीची तावदानं थरथरतात, पलंग हलतो, आणि मीटर मात्र गप्प राहतो. तळाचा आवाज भिंतींना जुमानत नाही. तिथे नियम अपुरा पडतो, तेव्हा आपणच काच वर करायची असते.

स्वतःच्या कानांचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास सोसतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९० वर गेलात तर चारच तास उरतात. जळगाव-धुळे रोज जा-ये करणाऱ्याचे हे चार तास एका दिवसातच संपू शकतात. बसवलेला वूफर चांगला आहे की नाही, याची माझी कसोटी त्यावरूनच आहे: बसवल्यानंतर धुळ्यापर्यंतच्या वाटेवर तुम्ही आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवता का? ठेवत असाल, तर काम जमलं. रावेरच्या त्या तरुणाची गाडी अजिंठा चौफुलीपर्यंत नेऊन आणली, तेव्हा त्याने आपणहून बटण दोन घरं मागे घेतलं होतं.

शेवटी काढलेल्या स्पीकरचं. तो भंगारात देऊ नका आणि दुकानातही सोडून येऊ नका. त्याचे चारही स्क्रू, कपलर आणि काढलेल्या क्लिपा एका पिशवीत घाला, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहा, आणि घरात सावलीत ठेवा. उद्या गाडी सर्व्हिस सेंटरला गेली आणि इलेक्ट्रिकलचा दोष निघाला, तर आधी तो जागेवर बसवून पाहता येतो. परवा गाडी विकायची झाली, तर नवा वूफर पुढच्या गाडीत जातो आणि ही गाडी कंपनीच्या स्पीकरवर गिऱ्हाइकाच्या हाती देता येते. फिटरकडून बिल मात्र आजच घ्या, वायरची जाडी आणि फ्यूजचा आकडा त्यावर लिहून.